बागेत आलंय ते क्वानच का?

नमस्कार मंडळी,
मार्चमध्ये नॉर्वेत, बर्गनच्या या घरात राहायला आलो तेव्हा बागेत नुसता चिखल होता, आता जुलैत कुंपणाशी एक झाड माझ्या डोक्याच्या वर गेलंय, पोकळ दांडा, मोठाली पानं, वर फुलांच्या छत्र्या. शेजारच्या आजी लांबूनच बघून "क्वान, क्वान" म्हणाल्या, म्हणजे इथे खातात ती अँजेलिकाच ना? सासूबाई सांगलीहून आल्यात, त्यांचं म्हणणं फूल हुबेहूब शेपूचं आहे तेव्हा पाला खुडून मुगाच्या डाळीत घालू. कसंबसं थांबवून धरलंय. फोटो जोडलाय.
– बर्गनहून

हात पण लावू नका!! आमच्याकडे त्रोम्सोत रस्तोरस्ती त्रोम्सोपाल्मे उगवतं, दिसायला असंच दांडगं, पण त्याचा रस लागून ऊन पडलं की कातडी भाजते. मी पहिल्याच उन्हाळ्यात हाफ पँटवर ट्रिमर फिरवला, रस उडाला पोटरीवर, ऊन तर इथे रात्री अकरालाही असतं, दोन दिवसांत हे टरटरून फोड आले आणि काळे डाग दिवाळीपर्यंत होते. रस लागलाच तर साबणाने धुवा आणि दोन दिवस तो भाग झाकून ठेवा, ऊन नको.
– त्रोम्सोवाला

अरे दादा, किती घाबरवशील तिला :) पण थांबवलंस ते बरं केलंस. सासूबाईंना सांग गं, शेपू, बडीशेप, कोथिंबीर, ओवा, गाजर सगळी एकाच कुळातली आणि सेल्सनेपे नावाचं जीवघेणं विषारी झाड पण त्याच घरातलं, त्यामुळे फूल शेपूसारखं दिसतं यावरून काहीच ठरत नाही. मला एवढं बघून कळव, हातमोजे घालून. दांड्यावर राठ लव आहे का? असली तर त्रोम्सोपाल्मेच्या जातीतलं धर. फुलाचा गुच्छ चेंडूसारखा गोल आणि हिरवट आहे का? आणि पानाचा देठ वरच्या बाजूने गोल आहे की पन्हळ आहे?
– व्हॉसची काकू

काकू, लव नाही, गुळगुळीत आणि जांभळट आहे. गुच्छ घुमटासारखा, पूर्ण गोल नाही, फुलं पांढरी, किंचित गुलाबी. देठाला पन्हळ आहे, स्पष्ट.
– बर्गन

मग क्वान नव्हे, त्याचा गुच्छ गोल हिरवट आणि देठ गोल असतो. हे बहुतेक स्लोके, म्हणजे रानातली अँजेलिका. आजींचं फार चुकलं नाही, सख्खी बहीणच ती. स्लोके विषारी नाही पण फोटो बघून "खा" असं मी कुणालाच सांगणार नाही, सेल्सनेपेचा दांडाही गुळगुळीत आणि पोकळच असतो आणि त्याचा एक घास पुरतो. सासूबाईंना चव घेऊन ओळखू देऊ नकोस, त्या ऐकत नसतील तर झाड काढून टाक.
खरं क्वान हवं असेल तर माझ्याकडचं बी घे. ऑगस्टच्या शेवटी पिकतं, लगेच पेरायचं, पाकिटातलं जुनं बी बहुधा उगवतच नाही, मी दोनदा पैसे घालवलेत. वर माती लोटू नकोस, त्याला उजेड लागतो, नुसतं दाबून कुंडी हिवाळाभर बाहेरच ठेव, थंडी खाल्ल्याशिवाय ते जागं होत नाही. जागा ओलसर, थोडी सावली चालेल. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फुलतं आणि बी धरलं की मरतं, पण फुलाचा दांडा वेळीच छाटला तर आणखी एखादं वर्ष काढतं. कोवळे दांडे वसंतात सोलून पाकात घालायचे. आमच्या व्हॉसच्या क्वानचा दांडा इतरांसारखा पोकळ नसतो, गराने भरलेला असतो, त्याची इथे भारी ऐट! पश्चिम नॉर्वेच्या मध्ययुगातल्या गुलातिंग कायद्यात क्वानच्या बागेतली चोरी हा वेगळा गुन्हा लिहिलाय, तेव्हा बी मागूनच ने.
आणि हो, शेपू दुकानात कुंडीसकट मिळतो, "दिल" नावाने. डाळ भिजत घाल.
– काकू