घरच्या सामायिक संगणकावर मुलांनी परस्पर सॉफ्टवेअर बसवू नये यासाठी काय करावे?

उद्यमनगर_पालक

नमस्कार. आम्ही कोल्हापुरात शाहूपुरीत राहतो. शिवाजी उद्यमनगरात आमचे यंत्रांचे सुटे भाग तयार करण्याचे लहान वर्कशॉप आहे आणि त्याचे हिशेब, टॅलीमधील नोंदी, जीएसटीची विवरणपत्रे हे सगळे काम मी घरच्या संगणकावर करते. त्याच संगणकावर नववीतला मुलगा प्रोग्रॅमिंग शिकतो आणि पाचवीतली मुलगी शाळेचे प्रकल्प करते, चित्रे काढते, खेळ खेळते. संगणक घेतला तेव्हा दुकानातून जे एकच खाते तयार करून मिळाले, तेच आजवर सगळे वापरत आलो आहोत आणि त्याला पासवर्ड नाही.

अलीकडे ब्राउझर उघडला की भलतेच शोधपान समोर येते, पडद्याच्या कोपऱ्यात जाहिराती उगवतात, आणि सॉफ्टवेअरच्या यादीत घरातल्या कोणालाही ओळखू न येणारी नावे दिसतात. एका खेळात फुकट नाणी मिळवून देणारे म्हणून मुलीने काहीतरी उतरवून घेतले होते, एवढे समजले. तिला रागावण्यात मला अर्थ वाटत नाही, कारण समोर आलेले मोठे हिरवे बटण खरे की फसवे, हे पाचवीतल्या मुलीने ओळखावे ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

मुलांचा संगणक मला बंद करायचा नाही आणि त्यांच्या प्रत्येक हालचालीवर पाळतही ठेवायची नाही. आमच्या संमतीशिवाय नवे सॉफ्टवेअर बसता कामा नये आणि वर्कशॉपचा हिशेब सुरक्षित राहावा, एवढेच हवे आहे. संगणकावर विंडोज ११ आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

राजारामपुरी_दुरुस्ती

ताई, बंधने घालण्याआधी संगणक स्वच्छ करणे अत्यावश्यक आहे. दुकानातून मिळालेले ते एकमेव खाते अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खाते, म्हणजे संगणकात कोणताही बदल करू शकणारे खाते असते, त्यामुळे त्या खात्यातून जे काही चालले त्याला संपूर्ण संगणकावर हात मारण्याची संधी मिळालेली आहे, आणि अशा स्थितीत एकेक संशयास्पद नाव यादीतून काढत बसण्यावर माझा विश्वास नाही. टॅलीचा बॅकअप, कागदपत्रे आणि छायाचित्रे बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. उतरवून घेतलेल्या सेटअप फाइल मात्र त्यात मुळीच घेऊ नका. त्यानंतर सेटिंग्जमधील रीसेट धिस पीसी हा पर्याय सर्व काही काढून टाकण्याची निवड करून वापरा. ईमेल, बँक आणि जीएसटी पोर्टलचे पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवलेले असतील तर ते दुसऱ्या एखाद्या उपकरणावरून आजच बदला, कारण फुकटच्या नावाखाली येणारी बरीच हानिकारक सॉफ्टवेअर हेच साठवलेले पासवर्ड उचलण्यासाठी लिहिलेली असतात. खात्यातून पैसे गेल्याचे दिसले तर विलंब न करता १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.

संगणक नव्याने उभा राहिल्यावर जे पहिले खाते तयार होईल ते अ‍ॅडमिनिस्ट्रेटर असेल. ते फक्त सॉफ्टवेअर बसवण्यासाठी राखून ठेवा आणि त्याला लांब पासवर्ड द्या. मग तुमच्यासाठी, मुलासाठी आणि मुलीसाठी अशी तीन स्वतंत्र स्टँडर्ड, म्हणजे मर्यादित अधिकारांची खाती उघडा. तुमचे रोजचे खातेही स्टँडर्डच असावे असा माझा आग्रह आहे, कारण एखाद्या ईमेलमधून आलेली खोटी बिलाची फाइल मोठी माणसेही उघडतात.

यामागील कारण थोडक्यात सांगतो. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टाबरोबर यूझर अकाउंट कंट्रोल ही व्यवस्था आली. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खात्यात ती केवळ 'हो किंवा नाही' एवढेच विचारते आणि मुले अर्थातच 'हो' दाबतात. स्टँडर्ड खात्यात मात्र तीच खिडकी अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागते, आणि तो दिल्याशिवाय प्रोग्रॅम फाइल्स व विंडोज या फोल्डरांत काहीही लिहिता येत नाही. म्हणूनच तो पासवर्ड रिकामा ठेवला तर सगळी मांडणी व्यर्थ जाते. चार आकडी पिनही ठेवू नका; शेजारी बसलेले मूल तो बोटांच्या हालचालीवरून सहज लक्षात ठेवते.

स्वतंत्र खात्यांचा आणखी एक मोठा लाभ असा की एका स्टँडर्ड खात्यातून दुसऱ्याचे फोल्डर उघडत नाही, त्यामुळे तुमच्या ब्राउझरमधील नोंदी मुलांच्या खात्यात चालणाऱ्या सॉफ्टवेअरच्या हाती लागत नाहीत. टॅलीच्या डेटाचे फोल्डर मात्र कोठे आहे ते नीट पाहा. ते सर्वांना खुल्या असलेल्या जागी असेल, तर त्याच्या गुणधर्मांतील सुरक्षा विभागात जाऊन केवळ तुमच्या आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खात्याला परवानगी ठेवा. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन वापरत असाल तर काम संपताच काढून कपाटात ठेवावे, आणि बॅकअपची डिस्कही कायम जोडून ठेवू नये.

कसबा_बावडा_वाचक

वरील सल्ला योग्य आहे, पण मला तो गरजेपेक्षा मोठा वाटतो. आमच्या घरी राउटरमध्ये डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारी सेवा) म्हणून १.१.१.३ हा क्लाउडफ्लेअरचा पत्ता घातला आहे. हानिकारक आणि प्रौढांसाठीची संकेतस्थळे तेथेच अडतात, घरातील सगळ्या मोबाइलनाही ते लागू होते आणि मुलांशी वाद घालावा लागत नाही. आमचे एवढ्यावर व्यवस्थित चालले आहे.

शाळा_प्रयोगशाळा

मी एका शाळेतील संगणक प्रयोगशाळेची व्यवस्था पाहतो, म्हणून दोन्ही उत्तरांना थोडी जोड देतो.

डीएनएसची गाळणी अवश्य ठेवावी, पण ती संकेतस्थळाचे नाव पाहते, फाइल पाहत नाही. ज्या ठिकाणी चांगल्या गोष्टीही मिळतात अशा संकेतस्थळावरून आलेली वाईट फाइल तिला दिसत नाही, आणि मित्राच्या पेन ड्राइव्हवरून आलेल्या खेळाशी तर तिचा संबंधच येत नाही. ताईंचा प्रश्न सॉफ्टवेअर बसण्याचा आहे, त्यामुळे उत्तर संगणकातच शोधावे लागेल.

स्टँडर्ड खात्याबाबत एक गोष्ट अनेक पालकांना ठाऊक नसते आणि ती फार महत्त्वाची आहे. पासवर्ड मागितला जातो तो सर्वांसाठीच्या फोल्डरांत काही लिहायचे असेल तेव्हा. परंतु आज कितीतरी सॉफ्टवेअर वापरकर्त्याच्या स्वतःच्या अ‍ॅपडेटा फोल्डरात बसतात आणि त्यासाठी कोणाचीच परवानगी लागत नाही. डिस्कॉर्ड असेच बसते, रोब्लॉक्सही असेच, आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड न दिल्यास क्रोमसुद्धा याच मार्गाने बसू शकतो. चांगले सॉफ्टवेअर जर या वाटेने येत असेल तर वाईटही येणारच. स्टँडर्ड खात्यामुळे संगणक आणि इतरांची खाती वाचतात, पण त्या मुलाचे स्वतःचे खाते उघडेच राहते.

ही वाट बंद करण्याचा सोपा उपाय सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्स या विभागात आहे. अ‍ॅप कोठून घ्यावेत या पर्यायात 'केवळ मायक्रोसॉफ्ट स्टोअर' निवडावे. हा बदल अ‍ॅडमिनिस्ट्रेटरलाच करता येतो. मात्र तो इंटरनेटवरून उतरवलेल्या गोष्टींपुरता आहे, पेन ड्राइव्हवरून आलेल्या सेटअपला तो अडवत नाही.

पक्का उपाय म्हणजे अ‍ॅपलॉकर. कोणते सॉफ्टवेअर चालू द्यायचे हे ठरवणारी ही विंडोजमधीलच सोय आहे. पूर्वी तो केवळ एंटरप्राइझ आणि एज्युकेशन आवृत्त्यांसाठी होता. आता अद्ययावत विंडोजमध्ये ती अट राहिलेली नाही, परंतु त्याचे नियम लिहिण्याचे साधन होम आवृत्तीत मिळत नाही, प्रोमध्ये मिळते. त्यातील मूळ नियमांचा अर्थ सरळ आहे: प्रोग्रॅम फाइल्स आणि विंडोज या फोल्डरांतील सॉफ्टवेअर सर्वांना चालवता येईल, बाकी कोठूनही काही चालवायचे असेल तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर हवा. स्टँडर्ड खात्याला त्या दोन फोल्डरांत लिहिता येत नाही आणि इतरत्र लिहिलेले चालवता येत नाही, त्यामुळे अ‍ॅपडेटा, डाउनलोड्स, पेन ड्राइव्ह या सगळ्या वाटा एकदम बंद होतात. अमुक खेळ चालेल, तमुक चालणार नाही अशी यादी वाढवत बसण्यापेक्षा ही रचना मला कितीतरी अधिक भरवशाची वाटते, कारण वाईट सॉफ्टवेअरची यादी कधीच पूर्ण होत नाही. ताई, आपली आवृत्ती कोणती आहे?

उद्यमनगर_पालक

सर्वांचे मनापासून आभार. वर्कशॉपसाठी घेतलेला संगणक असल्यामुळे प्रो आवृत्ती आहे. संगणक रीसेट करून चार खाती तयार केली आहेत आणि पासवर्डही बदलले आहेत.

आता खरी अडचण मुलाची आहे. त्याला पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा हवी आहे, कोड लिहिण्यासाठी व्हीएस कोड हवा आहे, आणि माइनक्राफ्ट या खेळासाठी मित्र पाठवतात ती मॉडही (खेळात बदल करणाऱ्या फाइल) हवी आहेत. स्वतंत्र खाते मिळाल्याचा त्याला आनंद झाला, पण प्रत्येक गोष्टीसाठी आईकडे पासवर्ड मागायचा म्हणजे आपल्यावर विश्वास नाही, असे त्याने मला सरळ सांगितले. त्याचे म्हणणे मला चुकीचे वाटत नाही. एका नातेवाइकांनी मुलांच्या पडद्याची चित्रे पालकांच्या मोबाइलवर पाठवणारे सॉफ्टवेअर सुचवले आहे. ते मला नको आहे. मुलांच्या वापरावर मर्यादा घालणाऱ्या मायक्रोसॉफ्ट फॅमिली सेफ्टीबद्दल मात्र आपले मत हवे होते.

शाळा_प्रयोगशाळा

पडद्याची चित्रे पाठवणारे सॉफ्टवेअर नको या आपल्या निर्णयाशी मी पूर्ण सहमत आहे. बसवण्यावर बंधन घालणे आणि मुलगा काय लिहितो, कोणाशी बोलतो हे चोरून पाहणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीला सांगण्याजोगे कारण आहे: याच संगणकावर घरचा उदरनिर्वाह अवलंबून आहे. ते कारण त्याला जसेच्या तसे सांगावे, आणि आईसुद्धा रोज स्टँडर्ड खात्यातच काम करते हे दाखवावे. नियम घरातील सर्वांना सारखा असला की तो अपमान वाटत नाही, असा प्रयोगशाळेतील माझा अनुभव आहे; तेथे शिक्षकांची खातीही स्टँडर्डच असतात.

पायथन आणि व्हीएस कोड दोन्ही बसवून द्यावेत, पण बसवताना सर्व वापरकर्त्यांसाठीचा पर्याय निवडावा, म्हणजे ते प्रोग्रॅम फाइल्समध्ये जातील आणि अ‍ॅपलॉकर त्यांना अडवणार नाही. पायथनचा सेटअप आपणहून वापरकर्त्याच्या फोल्डरात जातो आणि व्हीएस कोडचे दोन निराळे सेटअप मिळतात, त्यांपैकी सिस्टिमसाठीचा घ्यावा. येथे एक मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे: अ‍ॅपलॉकर पायथनला परवानगी देतो तेव्हा पायथनमधून चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमची तपासणी तो करत नाही. ज्याला प्रोग्रॅमिंग शिकायचे आहे त्याच्या हाती इतके सामर्थ्य येणारच आणि ते यायला हवे. हिशेबाचे फोल्डर त्याच्या खात्याला बंद ठेवणे म्हणूनच महत्त्वाचे आहे.

माइनक्राफ्टच्या मॉडचेही तसेच आहे, कारण त्या जावाच्या फाइल असतात आणि अ‍ॅपलॉकर त्यांना पकडत नाही. जून २०२३ मध्ये फ्रॅक्चरायझर नावाचे हानिकारक सॉफ्टवेअर कर्सफोर्जसारख्या नावाजलेल्या ठिकाणच्या मॉडमधून पसरले होते आणि ते ब्राउझरमधील लॉगिनची माहिती चोरत होते. ही घटना मुलाला स्वतःला वाचायला सांगा. संगणकाची आवड असलेला मुलगा ती पासवर्डावरील कोणत्याही उपदेशापेक्षा अधिक गांभीर्याने घेईल. मित्राने थेट पाठवलेली मॉड फाइल घ्यायची नाही, मूळ ठिकाणाहूनच घ्यायची, एवढा नियम त्याच्याशी बोलून ठरवावा.

फॅमिली सेफ्टी मुलीसाठी ठीक आहे. तिच्यासाठी खरी जन्मतारीख देऊन मायक्रोसॉफ्ट खाते उघडावे लागेल. वेळेची मर्यादा आणि वयानुसार स्टोअरमधील अ‍ॅप यांसाठी ते उपयोगी पडते. संकेतस्थळांची गाळणी मात्र मायक्रोसॉफ्टच्या एज या ब्राउझरमध्येच चालते. नववीतल्या मुलासाठी मी ते सुचवणार नाही.

राजारामपुरी_दुरुस्ती

एक गोष्ट राहिली. आपल्याला दिसणारे भलते शोधपान बहुधा ब्राउझरच्या एक्स्टेन्शनचे (ब्राउझरला जोडल्या जाणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचे) काम असावे, आणि एक्स्टेन्शनला अ‍ॅपलॉकर अडवत नाही. क्रोम आणि एज या दोन्हींत त्यासाठी एक्स्टेन्शन इन्स्टॉल ब्लॉकलिस्ट नावाचे धोरण आहे. त्यात केवळ तारांकन (*) लिहिले की सगळी एक्स्टेन्शन बंद होतात, आणि जी हवीत ती परवानगीच्या यादीत घालता येतात.

अ‍ॅपलॉकर चालू करताना प्रथम मूळ नियम तयार करा, अ‍ॅप्लिकेशन आयडेंटिटी ही सेवा सुरू आहे ना ते पाहा, आणि काही दिवस तो केवळ नोंद ठेवण्याच्या स्थितीत चालवा. त्या काळात टॅली, प्रिंटर आणि जीएसटीची कामे नेहमीप्रमाणे करा. काय अडले असते ते विंडोजमधील नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये दिसेल. वर्कशॉपचे एखादे जुने सॉफ्टवेअर डी ड्राइव्हवर असेल तर त्या फोल्डरासाठी वेगळा नियम लागेल, मात्र त्या फोल्डरात मुलांच्या खात्यांना लिहिता येत नाही याची आधी खात्री करून घ्या. मग नियम लागू करून मुलीच्या खात्यातून पेन ड्राइव्हवरील एखादा साधा सेटअप उघडून पाहा. तो चाललाच, तर बहुधा ती सेवा बंद असेल किंवा तिचे खाते अजून अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच असेल. अडले तर येथे कळवा.