तंजावरचा राजवाडा : अर्ध्या दिवसासाठी स्वतंत्र गाइड घ्यावा का?

प्रश्न | गोदाकाठ

नमस्कार. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघे (मी, पत्नी, बारावीतली मुलगी आणि माझे वडील) तिरुचिरापल्लीला विमानाने उतरून कुंभकोणमला मुक्कामासाठी जाणार आहोत. वाटेत तंजावर लागते, म्हणून तिथला मराठा राजवाडा सकाळच्या वेळेत पाहून घ्यावा असे ठरले आहे. एका प्रवासी कंपनीने फक्त आमच्यासाठी गाडी आणि इंग्रजी बोलणारा गाइड असा साडेचार तासांचा बेत सुचवला असून त्यात बृहदीश्वर मंदिर आणि राजवाडा ही दोन्ही ठिकाणे आहेत. दर कमी नाही, पण वडिलांचे वय ७६ आणि गुडघे दुखरे, त्यामुळे गर्दीच्या बसमधून चाळीस जणांमागे धावण्यापेक्षा आपल्या गतीने पाहणे बरे असे वाटते.

शंका अशी की, पूर्वी एका राजवाड्यात असाच स्वतंत्र गाइड घेतला होता, तेव्हा त्याने चाळीस मिनिटांत सगळे दालने पळवत दाखवली आणि उरलेला वेळ गालिच्यांच्या दुकानात घालवला. शिवाय वडिलांनी निवृत्तीनंतर मोडी शिकून घेतली आहे आणि तंजावरला मोडी पाहायला मिळेल या एका आशेवर ते एवढा प्रवास करायला तयार झाले आहेत. साडेचार तास पुरतात का, गाइड खरोखर उपयोगाचा ठरतो का, आणि ठरलाच तर त्याला आधी काय सांगून ठेवावे, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर | वळचण

गेल्या वर्षी जानेवारीत आम्ही जवळपास हाच बेत केला होता, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

गाइड घ्या, परंतु त्याच्याशी आदल्या दिवशी स्वतः फोनवर बोला. तंजावरचा बहुतेक गाइड मनाने चोळांचा असतो, आणि त्यात त्याची चूक नाही, कारण इ.स. १०१० च्या सुमारास राजराज चोळाने पूर्ण केलेले ते मंदिर पाहायलाच जगभरातून लोक येतात. परिणामी ठरलेल्या वेळेपैकी तीन तास मंदिरात जातात आणि राजवाड्याच्या वाट्याला दमलेले पाय व उरलेला तास येतो. आम्ही त्याला स्पष्ट सांगितले होते की मंदिरात दीड तास, राजवाड्यात अडीच तास, आणि दुकान नाही. चित्रांचे दुकान हवे असेल तर ते शेवटी, तेही आम्ही म्हटले तरच. त्याने हसून मान्य केले आणि पाळलेही.

दुसरी गोष्ट क्रमाची. सकाळी सातच्या आत मंदिर आणि नऊच्या सुमारास राजवाडा, असेच करा. उलट केल्यास दुपारी बाराच्या उन्हात तापलेल्या दगडी अंगणातून अनवाणी चालावे लागते, आणि गाभाराही दुपारी काही तास बंद असतो.

राजवाडा म्हणजे एकसंध भव्य महाल, असे चित्र मनात घेऊन जाऊ नका. म्हैसूरचा राजवाडा पाहिलेला माणूस इथे पहिल्या पाच मिनिटांत निराश होतो. मूळ बांधणी मराठ्यांआधी इथे राज्य करणाऱ्या नायक राजांची, सोळाव्या शतकातली. पुढे शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांच्या वंशजांनी त्यात भर घातली. आणि आज त्या आवारात कलादालन, दरबार, ग्रंथालयाचे संग्रहालय, मनोरे आणि काही पडझड झालेले भाग असे सगळे शेजारी शेजारी आहे. तिकिटेही एका ठिकाणी एक अशी नसून वेगवेगळ्या भागांची वेगवेगळी काढावी लागतात, कॅमेऱ्याचे आणखी वेगळे. एकट्याने गेल्यास हा घोळ समजायलाच अर्धा तास जातो, आणि गाइडचा पहिला खरा उपयोग मला तिथेच झाला. राजघराण्याचे वंशज अजूनही वाड्याच्या एका भागात राहतात, तो भाग अर्थातच खाजगी आहे.

कलादालनात चोळकालीन पंचधातूच्या मूर्ती आहेत. तिरुवेंकाडूचा वृषभवाहन शिव त्यातच आहे. नंदी आज जागेवर नाही, तरी ज्याच्यावर कोपर टेकलेले होते त्याचे अस्तित्व त्या उभ्या राहण्याच्या ढंगातून जाणवते. आमची मुलगी तिथून हलेना. त्याच दालनाच्या नायक दरबारात याच भोसले घराण्यातल्या सरफोजीराजांचा पांढऱ्या संगमरवराचा पुतळा आहे, उंच निमुळती टोपी घातलेला आणि हात जोडून उभा. तो घडवला लंडनच्या जॉन फ्लॅक्समनने. इंग्रज शिल्पकाराने घडवलेला मराठा राजा तमिळ देशातल्या नायकांच्या दरबारात उभा आहे, एवढ्या एका वाक्यात तंजावर सांगता येते, पण आमच्या गाइडने ‘हा राजा, हा पुतळा’ म्हणून पुढे पाऊल टाकले होते. आम्ही थांबवून विचारले तेव्हा मात्र त्याच्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ निघाले. म्हणून प्रश्न तुम्ही घेऊन जा.

उत्तर | एकलाच

थोडे विरुद्ध मत नोंदवतो. वाचनाची आवड असलेल्या माणसाला तंजावरच्या राजवाड्यात गाइड लागत नाही. दोन संध्याकाळी थोडा इतिहास वाचावा, रिक्षा करावी आणि शांतपणे फिरावे. गाइड असला की आपण वस्तूंकडे न पाहता त्याच्या तोंडाकडे पाहतो. शिवाय सांबाराची गोष्ट तो सांगणारच: संभाजीराजे पाहुणे आले, आमसूल संपले होते, म्हणून आमटीत चिंच घातली आणि तिला त्यांचे नाव मिळाले. गोष्ट गोड आहे, पण ती दंतकथा आहे. इतिहास म्हणून ऐकू नये.

गोदाकाठ

दोघांचेही आभार. एकलाच, आपले म्हणणे पटते, पण वडिलांना उन्हात तिकीटखिडक्या शोधायला लावणे जिवावर येते, म्हणून गाइडकडे कल आहे. मोडीविषयी मात्र अजून कोणी लिहिले नाही. राजवाड्यात मोडी कागद प्रत्यक्ष दिसतात का? आणि बृहदीश्वराच्या भिंतीवर मराठीत कोरलेला मोठा लेख आहे असे वडील म्हणतात, तो मोडीतच आहे का?

उत्तर | कावेरीतीर

मी स्वतः तंजावरी मराठी घरातला. आमच्या घरी आजही मराठी बोलतात. पुण्यातल्या पाहुण्यांना ती ऐकून हसू येते आणि आम्हांला त्यांची ऐकून. आता चेन्नईत असतो, पण पाहुण्यांना घेऊन या वाड्यात इतक्या वेळा गेलो आहे की आपल्या वडिलांसाठी लिहायलाच हवे असे वाटले.

आधी शिलालेख. तो मोडीत नसून बाळबोध लिपीत, म्हणजे आपल्या देवनागरीत आहे, त्यामुळे तो केवळ वडीलच नव्हे तर आपली मुलगीही वाचू शकेल. सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याची कुळकथा मंदिराच्या प्राकाराच्या, म्हणजे आवाराभोवतीच्या कोटाच्या, भिंतीवर कोरवून घेतली. मराठीतल्या सर्वांत मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते. तो प्राकाराच्या नैर्ऋत्य बाजूला आहे आणि मुख्य विमानाकडे (गाभाऱ्यावरच्या शिखराकडे) पाहत फिरणाऱ्या माणसाची त्याकडे पाठच होते. गाइडला आदल्या दिवशीच ‘मराठी शिलालेख’ म्हणून सांगा, नाहीतर तो तिकडे नेणार नाही. तिथे जाताना वाटेत गणपतीचे देऊळ लागते, तेही सरफोजीराजांनी नव्याने बांधवलेले.

माझ्या मते हा लेख आधी वाचून मग राजवाड्यात जावे. त्यात जी वंशावळ उभी केली आहे तिचे अखेरचे प्रकरण राजवाड्यात आहे, आणि ते प्रकरण गंमतीचे तसेच उदासही आहे. विजापूरच्या आदिलशाहीने व्यंकोजीराजांना पाठवले होते ते नायकांच्या वारसाला गादीवर बसवायला. १६७५ च्या सुमारास गादीवर ते स्वतः बसले. थोरले बंधू शिवाजी महाराज १६७७ मध्ये दक्षिणेत आले तेव्हा दोघांची भेट झाली, वाटणीवरून बिनसले, आणि तरीही हे राज्य पुढे पावणेदोनशे वर्षे टिकले. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे स्वतः तेलुगू व मराठीत नाटके लिहीत. मराठी रंगभूमीचा उगम सांगलीला १८४३ मध्ये शोधणाऱ्यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस इथे दरबारात होणाऱ्या मराठी नाटकांचा विचार जरूर करावा. शेवटी १७९९ च्या तहाने सरफोजींकडे किल्ला आणि भोवतालचा परिसर एवढेच उरले, बाकी कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. १८५५ मध्ये त्यांचे पुत्र शिवाजी पुत्र नसताना वारले आणि राज्य खालसा झाले.

मराठा दरबारात उभे राहून हे सारे आठवावे. रंगवलेले खांब, कमानी आणि राजासाठीचा चौथरा पाहून अनेक जण ‘एवढाच?’ असे विचारतात. ज्या राजाकडे प्रजेचा कर घेण्याचा अधिकार उरला नव्हता त्याचा हा दरबार होता, हे कळले की तो लहान वाटत नाही. राज्य गेल्यावर हातात जो वेळ आणि जी नेमणूक उरली, ती सरफोजींनी पोथ्यांवर, वैद्यकावर आणि छपाईवर खर्च केली. त्यांचे गुरू श्वार्ट्झ हे जर्मन मिशनरी. मंदिराशेजारच्या शिवगंगा बागेतल्या चर्चमध्ये त्यांच्या मृत्युशय्येपाशी उभ्या असलेल्या सरफोजींचे संगमरवरी शिल्प आहे, तेही फ्लॅक्समनचेच. चर्च उघडे असेल तर दहा मिनिटे काढा.

आता मोडी. राजवाड्याच्या आवारातल्या सरस्वती महाल ग्रंथालयात सुमारे ४९,००० हस्तलिखिते आहेत. त्यांत संस्कृत सर्वाधिक, त्याखेरीज तमिळ, तेलुगू आणि हजारो मराठी. आणि दरबारी दप्तरातील मोडी कागदांची शेकडो बाडे निराळी. परंतु सामान्य प्रवाशाला यातले काही हाताळायला मिळत नाही. त्याला दिसते ते ग्रंथालयाचे छोटेसे संग्रहालय: काचेखाली ताडपत्रे, चित्रे, नकाशे, काही जुने छापील ग्रंथ. मांडणी वेळोवेळी बदलते, म्हणून मोडीचे अमुक पान दिसेलच असे वडिलांना सांगून ठेवू नका. छायाचित्रांना मनाई आहे.

वडिलांना खरोखर मोडी वाचायची असेल तर प्रवासाआधी ग्रंथालयाला पत्र लिहून, त्यांचा अभ्यास कोणत्या विषयाचा आहे हे सांगून, वाचनाची परवानगी मागावी. तेवढ्यासाठी मात्र स्वतंत्र दिवस लागेल. गाइड दाराबाहेर ताटकळत असताना कोणी मोडी वाचत नाही.

उत्तर | वळचण

कावेरीतीर यांनी शिलालेखाचे लिहिले ते वाचून चुटपूट लागली. आम्ही त्याच्यापासून पन्नास पावलांवर बसून केळी खाल्ली आणि लेख पाहिलाच नाही. गाइडने सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

उत्तर | पोथीवाला

मी ग्रंथालयात काही दिवस बसून काम केले आहे, म्हणून वरच्या माहितीला थोडी पुस्ती जोडतो. हा संग्रह केवळ जुना म्हणून मोलाचा नाही. सरफोजींनी काशीयात्रेहून येताना पोथ्यांच्या नकला करवून आणल्या, युरोपातून पुस्तके मागवली, राजवाड्यात दक्षिणेतला पहिला देवनागरी छापखाना १८०५ च्या सुमारास उभारला आणि त्यावर इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या. पुण्यात तेव्हा दुसऱ्या बाजीरावाची पेशवाई चालू होती, हे लक्षात घेतले तर या छापखान्याचे अप्रूप कळते. धन्वंतरी महालातल्या, म्हणजे सरफोजींच्या उपचारकेंद्रातल्या, डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी, त्यांच्या डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह, जपून ठेवलेल्या आहेत. आपली मुलगी वैद्यकीय शिक्षणाचा विचार करत असेल तर गाइडला त्याविषयी जरूर विचारायला सांगा. १९१८ पासून हे ग्रंथालय सर्वांसाठी खुले झाले आणि आज ते सरकारी व्यवस्थेत आहे.

ग्रंथालयाने अनेक मराठी हस्तलिखिते छापून प्रसिद्ध केली आहेत आणि ती विक्रीला असतात, किंमतही माफक असते. परवानगीचे जमले नाही तर वडिलांसाठी तिथून एखादे पुस्तक घ्यावे.

गोदाकाठ

फार उपयोग झाला. काल कंपनीने ज्या गाइडचे नाव दिले त्याच्याशी वडिलांसमोरच फोनवर बोललो. ‘मराठी इन्स्क्रिप्शन’ म्हणताच तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “वीस वर्षांत तिसऱ्यांदा कोणी विचारतो आहे, मला जागा माहीत आहे.” दर तासांवर ठरला आहे, ठिकाणांवर नाही, म्हणजे घाई करण्यात त्याचा फायदा नाही. ग्रंथालयाला वडिलांनी स्वहस्ते पत्र लिहिले आहे, अर्धे मोडीत आणि अर्धे इंग्रजीत. मी म्हटले, उत्तर तरी कोणत्या लिपीत येईल? त्यावर ते काही बोलले नाहीत, पण कुंभकोणमचा मुक्काम एका दिवसाने वाढवायला सांगितला आहे.

एक शेवटची शंका. मंदिरातून राजवाड्यात जाईपर्यंत त्यांना मध्ये बसायला सावलीची जागा मिळेल का, आणि वाड्यात चढ किती आहे?

उत्तर | कावेरीतीर

मंदिराच्या प्राकाराला आतून चारी बाजूंनी ओवऱ्या आहेत, तिथे सावलीत बसता येते. शिलालेख पाहायला थांबाल तिथेच त्यांना टेकायला सांगा, म्हणजे दोन्ही कामे होतील. मंदिरापासून राजवाडा गाडीने अगदी जवळ आहे. वाड्यातली मुख्य दालने फारसे न चढता पाहता येतात. उंच मनोऱ्याच्या अरुंद पायऱ्या मात्र त्यांनी टाळाव्यात, मुलीने चढून यावे. वर जाताना देवमाशाचा भला मोठा सांगाडा दिसेल, तो तिथे कशाला, असे ती विचारेल. समुद्रकाठी सापडला आणि इथे आणून ठेवला, एवढेच त्याचे उत्तर आहे. त्याचा कोणत्याही राजाशी संबंध नाही.