आईच्या मोत्याला मुंबईला ट्रेनने कसं न्यायचं?

जुळेसोलापूरकर:
मंडळी, लई टेन्शनमध्ये लिहितोय. बाबा गेल्यापासून आईला पॅनिक अटॅक येतात, रात्री दचकून उठते, हात थरथरतात, घाम फुटतो. आमचा कुत्रा मोत्या (गावठीच आहे) कुठं पण झोपलेला असू दे, धावत येतो आणि तिच्या मांडीवर हनुवटी टेकवतो, मग ती त्याचा कान चोळत बसते आणि हळूहळू श्वास जाग्यावर येतो. हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. मे महिन्यात सोलापूरहून ताईकडं मुंबईला जायचंय आणि आई म्हणते मोत्या नाही तर मी पण नाही. एका वेबसाइटवर पैसे भरले की इमोशनल सपोर्ट अ‍ॅनिमलचं सर्टिफिकेट, म्हणजे जनावराच्या सोबतीनं माणसाला धीर मिळतो असा कागद, मिळतंय, ते दाखवलं तर थ्री एसीत घेतील का?

रेल्वेवाला_काका:
नाही घेणार, त्या कागदाला पैसे घालू नका. आपल्या रेल्वेत कुत्रा फक्त फर्स्ट एसीत चालतो, तेही दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन पूर्ण तुमच्या नावावर असेल तरच. तुम्ही दोघं म्हणजे कूपेच बघा. पण तिकीट काढताना कूपे मिळेलच असं नसतं, ते चार्ट बनताना ठरतं, म्हणून आधीच डीआरएम (रेल्वेचे विभागीय व्यवस्थापक) ऑफिसला अर्ज द्या, आईच्या डॉक्टरांची चिठ्ठी जोडा, चिठ्ठीने नियम बदलत नाही पण अर्ज वाचणारा माणूसच असतो. जनावराच्या डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट प्रवासाच्या एक-दोन दिवस आधीचं पाहिजे, लसीचं कार्ड पण. त्या दिवशी लवकर जाऊन पार्सल ऑफिसला मोत्याची पावती करायची. हुतात्मा पुण्यापर्यंतच, आणि आपली वंदे भारत बसायची गाडी, त्यात कूपेच नाही. रात्रीच्या सिद्धेश्वरला बघा. दुसरा मार्ग गार्डच्या डब्यातली पेटी, पण आपल्याकडच्या मेच्या उन्हात आणि आईपासून लांब, माझ्याच्यानं नाही सांगवत.

अश्विनी_होटगीरोड:
दादा, ते सर्टिफिकेटचं खूळ अमेरिकेतनं आलंय, माझी बहीण तिकडं असते. तिकडं पण जानेवारी 2021 पासून सपोर्ट अ‍ॅनिमलला सर्व्हिस अ‍ॅनिमल (काम शिकवलेलं मदतनीस जनावर) म्हणून घ्यायची विमान कंपन्यांवर सक्ती राहिली नाही. सायकिअ‍ॅट्रिक सर्व्हिस डॉगला मात्र घ्यावंच लागतं, कारण त्याला काम शिकवलेलं असतं, अटॅक आला की अंगावर रेलून दाब देणं, वाईट स्वप्नातनं जागं करणं, गर्दीतनं बाहेर नेणं. नुसतं जवळ असल्यानं बरं वाटणं वेगळं. तिकडं सरकारी नोंदणी वगैरे काही नसते, ऑनलाइन विकतात ते सगळं बिनकामाचं. तुमचा मोत्या आपणहून जे करतो ते पक्कं करून घ्या की, मांडीवर हनुवटी टेकवली की लगेच खाऊ द्या आणि त्याला एक शब्द जोडा, रोज दोनदा. गाडीत आईला तो शब्द म्हणता आला तरी मोठा आधार होईल.

श्वानप्रेमी_सातरस्ता:
आधी दोन-तीन संध्याकाळी स्टेशनबाहेर फिरवून आणा, इंजिनाच्या हॉर्नला मोत्याच घाबरला तर आईला कोण सावरणार? निघायच्या चार तास आधी जेवण बंद, पाणी थोडं थोडं. आईची रोजची चादर सोबत घ्या, धुवायची नाही, तिच्या वासावर तो गप झोपतो. तोंडाला जाळी पण असू द्या.

जुळेसोलापूरकर:
काका, ताई, सगळ्यांचे आभार. सर्टिफिकेट रद्द. अर्ज उद्याच देतो. शब्द "ये बाळा" ठरला, आईनंच सांगितला, आत्ता पहिल्यांदा म्हणून बघितलं तर मोत्या ताटलीकडंच पळाला. उद्या परत.