मुलीच्या चेहऱ्यावरचे हे सगळे मुरुमच आहेत का?

ऐरोलीची आई: माझ्या १५ वर्षांच्या मुलीच्या नाकावर काळे ठिपके आहेत, गालांवर पू धरलेल्या पुळ्या आहेत आणि पावसाळा सुरू झाल्यापासून कपाळावर बारीक, एकसारखे, खाजणारे पुरळ उठले आहे. शेजारणीने गोरेपणाचे एक मलम सुचवले आहे. ते लावावे का?

सानपाड्याचा औषधविक्रेता: ताई, कृपया लावू नका. अशा अनेक मलमांत स्टेरॉइड असते. चार दिवस चेहरा नितळ दिसतो, पण पुढे त्वचा पातळ होते आणि मलम थांबवताच पुरळ अधिक जोमाने उसळते. ट्यूबवर बीटामेथासोन, मोमेटासोन किंवा क्लोबेटासोल यांपैकी एखाद्या स्टेरॉइडचे नाव लिहिले आहे का, ते आधी पाहा.

घोडबंदरची वाचक: नाकावरचे ठिपके म्हणजे मळ नव्हे. रोमछिद्रात तेल आणि मृत पेशी साचून तोंड उघडे राहिले की ते काळे दिसतात, त्यामुळे घासून जात नाहीत. तोंड बंद राहिले तर पांढरा दाणा दिसतो आणि तोच सुजला की लाल पुळी होते, मग पू धरतो. खोल, दुखरी गाठ असेल तर व्रण राहू शकतो, म्हणून तिथे विलंब नको.

कोपरीचे काका: कपाळाचे पुरळ मात्र मला वेगळे वाटते. आपल्या दमट हवेत, घामामुळे मलासेझिया नावाची बुरशी रोमकूपांत वाढते आणि मुरुमांवरच्या अँटिबायोटिकने ती उलट बळावू शकते. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवाच. गालांसाठी त्यांनी ॲडापलीन हे मुरुमांवर लावायचे औषध दिले, तर ८ ते १२ आठवडे धीर धरावा लागेल.