सहा माणसांच्या घरासाठी गिझर किती लिटरचा घ्यावा?

प्रश्न
आम्ही नाशिकला राहतो. घरी आई-वडील, आम्ही दोघे आणि शाळेत जाणारी दोन मुले आहेत. सकाळी सहा ते साडेसात या वेळात सर्वांच्या आंघोळी उरकाव्या लागतात, आणि थंडीत १५ लिटरच्या गिझरचे पाणी तिसऱ्या बादलीलाच कोमट येऊ लागल्यामुळे वडिलांना ताटकळावे लागते. दुकानदार ५० लिटरचा सुचवतात, तर शेजाऱ्यांच्या मते २५ लिटर पुरेल. हा हिशेब नेमका कसा करावा?

पहिले उत्तर
माणसांपेक्षा आंघोळींना मिळणारा एकूण वेळ अधिक महत्त्वाचा, कारण टाकीतले पाणी खर्च होत असतानाच कॉइल नवे पाणी तापवत असते. थंडीत नळाचे पाणी १८ अंश धरले आणि टाकीतले ६० अंशांपर्यंत तापवले, तर विसण घालून ४० अंशांची २० लिटरची बादली भरण्यास सुमारे साडेदहा लिटर गरम पाणी लागते; म्हणजे सहा बादल्यांना ६३ लिटर. २ किलोवॉटची कॉइल तासाभरात असे सुमारे ४० लिटर तापवते. तेव्हा आधी तापलेले २५ आणि दीड तासात तापणारे ६० मिळून ८५ लिटर होतात. आत येणारे थंड पाणी टाकीत मिसळत असल्याने प्रत्यक्षात याहून कमी मिळते, तरीही आपल्याला २५ लिटर पुरावा. सर्व आंघोळी अर्ध्या तासात आटोपायच्या असत्या, तर मात्र ५० लिटरला पर्याय नव्हता.

दुसरे उत्तर
वरील हिशेब योग्य आहे, परंतु तो बादलीचा आहे. मुले शॉवर घेत असतील, तर मिनिटाला ८ लिटरप्रमाणे सात मिनिटांत ५६ लिटर पाणी जाते, म्हणजे जवळजवळ तीन बादल्या. दोन मुलांचे शॉवर आणि चार बादल्या मिळून १०० लिटर गरम पाणी लागेल, आणि तेथे २५ लिटरचा गिझर निश्चित अपुरा पडेल. ५० लिटरचा घेतल्यास आत नुसत्या पाण्याचेच वजन ५० किलो असते, म्हणून तो पोकळ ब्लॉकच्या किंवा पातळ भिंतीवर टांगू नये. बोअरचे पाणी वापरत असाल तर अॅनोड रॉड (टाकीला गंजण्यापासून वाचवणारी आतली धातूची कांडी) वेळोवेळी तपासून घ्यावा, अन्यथा क्षारांमुळे टाकी लवकर खराब होते.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. मुले शॉवरच घेतात, हे लिहायचे राहिले. न्हाणीघरे दोन आहेत आणि ती घराच्या दोन टोकांना आहेत.

पहिले उत्तर देणारे
मग एका ५० लिटरच्या गिझरऐवजी प्रत्येक न्हाणीघरात २५ लिटरचा गिझर बसवावा. साठा तेवढाच राहतो, पण दोन कॉइलमुळे पाणी दुप्पट वेगाने तापते, लांब पाइपात गरम पाणी अडकून थंड होत नाही आणि वडिलांना मुलांचे आटोपण्याची वाट पाहावी लागत नाही. प्रत्येक गिझर सुमारे ९ अँपिअर वीज घेतो. त्यामुळे दोन्हींसाठी स्वतंत्र १६ अँपिअरचे पॉइंट घ्यावेत, आणि मीटरचा मंजूर भार पुरेसा आहे का, हे खरेदीआधीच वीजबिलावर पाहून घ्यावे.