मदत हवी आहे: सोलापूरच्या सिद्धेश्वर मंदिराचा रात्रीचा फोटो

मंडळी, किल्ल्याच्या बाजूनं तलावातल्या मंदिराचे काढलेले फोटो खाली टाकलेत, बघा जरा. ट्रायपॉडवर, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, एफ ८ (लेन्सचं छिद्र), शटर १५ सेकंद उघडं. पाणी एकदम काचेसारखं आलंय पण शिखरावरचे लाइट पार पांढरेफटक, नक्षी काही दिसंना, आणि शटरची वेळ कमी केली की तटबंदी काळीकुट्ट. आता ब्रॅकेटिंग करून, म्हणजे कमी-जास्त उजेडाचे तीन फोटो काढून ते जोडू का दिवस मावळल्या मावळल्या आभाळ निळं असतानाच उरकू? अशा जोडलेल्या फोटोंचे (एचडीआर) भडक रंग मला अजिबात पटत नाहीत राव. आणि गड्ड्याला (संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेला) रात्री नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच सजवलेल्या काठ्या, हलत असतात, तिथं जोडाजोडी चालणारच नाही, मग शटर किती ठेवता? लेन्स किटचीच, म्हणजे कॅमेऱ्यासोबत आलेलीच आहे, १८-५५ मिमी.