वर्दीतला तंत्रज्ञ ते प्रॉडक्ट मॅनेजर : सोलापूरकरांनो, अनुभव लिहा

बारावीनंतर एअरमन, नौसैनिक किंवा ईएमईत (लष्कराच्या यंत्रदुरुस्ती विभागात) जवान झालेली आपल्या जिल्ह्यातली मुलं चाळिशीच्या आसपास घरी परततात. मग सिक्युरिटी नाहीतर बँक, एवढंच सुचवलं जातं. यंत्रांचं काम न सोडता इंजिनिअरिंगकडे किंवा प्रॉडक्टकडे, म्हणजे वस्तूत काय असावं हे ठरवण्याच्या कामाकडे, गेलेल्यांनी इथे लिहावं. सुरुवात मी करतो.

हवाई दलात मी रेडिओ फिटर होतो. आधी बेळगावचं सांबरा, मग बंगळुरूचं जालहळ्ळी. पायलट स्नॅग, म्हणजे बिघाडाची तक्रार, लिहायचा एका ओळीत : 'सेट मधेच बंद पडतो.' जमिनीवर सेट ठणठणीत! मग त्याला गाठून विचारायचं, किती उंचीवर, वळताना की सरळ जाताना, तेव्हा आणखी काय चालू होतं? आज पुण्यात कारखान्यांच्या देखभालीच्या सॉफ्टवेअरचा प्रॉडक्ट मॅनेजर म्हणून मी हेच करतो. ग्राहक म्हणतो, अ‍ॅप हळू आहे. शेडमध्ये जाऊन उभं राहिलं की कळतं, तिथे नेटवर्कच पोचत नाही. नोकरीत असतानाच इग्नूतून एमसीए केलं. सुरुवात सपोर्टपासून, पोराच्या वयाच्या मुलांच्या हाताखाली. बायोडेटात युनिट-पोस्टिंगची यादी नको. कोणता बिघाड कसा शोधला ते लिहा.

चिंचोळी एमआयडीसीतून : मी नौदलात इलेक्ट्रिकलला, प्रशिक्षण जामनगरच्या वालसुराला. भर समुद्रात सुटा भाग कुठून आणणार? आहे त्यात चालवायचं. इथे टॉवेलच्या रेपिअर (धोट्याविना चालणाऱ्या) मागांची इलेक्ट्रॉनिक कार्डं दुरुस्त करायला लागलो. कापसाची धूळ सेन्सरवर बसते आणि धागा शाबूत असताना माग थांबतो. ते पाहून कंट्रोल पॅनेल स्वतःच बनवू लागलो. स्क्रीनवरचा इंग्रजी अलार्म कामगार वाचत नव्हते, म्हणून तेलुगू आणि मराठी घातलं. आपल्या पूर्वभागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत, ते हवंच. पॅनेल मालकाला परवडावं म्हणून काय काय गाळायचं, हे ठरवणं मला सर्किटपेक्षा अवघड गेलं.

अक्कलकोट रोडवरून : माझा धाकटा भाऊ हवाई दलात आहे. पत्रद्वारे बी.ई. करू का विचारतोय.

जुळे सोलापूरहून : ताई, पैसे भरू देऊ नका. एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) मान्यतेशिवाय दूरशिक्षणाने घेतलेली इंजिनिअरिंगची पदवी २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर चालत नाही. एएमआयईचंही (इंजिनिअर्सच्या संस्थेच्या परीक्षेचंही) तसंच, ३१ मे २०१३ पर्यंत नोंदणी झालेल्यांनाच ती पदवीच्या बरोबरीची धरतात. संगणकाकडे वळणार असेल तर इग्नूचं बीसीए, एमसीए आहे.

होटगी रोडवरून : आमचे हे ईएमईतून आले. पहिला पगार फार कमी होता; पेन्शन होती म्हणूनच शिकाऊ म्हणून उभं राहता आलं. अग्निवीरांची (अग्निपथ योजनेतून भरती झालेल्यांची) नोकरी चार वर्षांची, पेन्शन नाही, कायम होतात ते जास्तीत जास्त पंचवीस टक्के. त्यांचा हिशेब वेगळा मांडावा लागेल. २०२२ च्या अखेरीस भरती झालेली पहिली तुकडी २०२६ च्या अखेरीस चार वर्षं पुरी करते. त्यांच्यापैकी कुणी वाचत असेल तर ट्रेड, म्हणजे तिथलं तांत्रिक काम, कळवा, हे बोलतील.